जस्ताचा पत्रा आणि मालगाडीची वाघीण

टोलनाक्याजवळ गाडी येते, समोरच्या काचेवर चिकटवलेला छोटासा टॅग दुरूनच वाचला जातो, आडवा दांडा वर जातो आणि गाडी पुढे निघते. फेब्रुवारी २०२१ पासून आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांवर हा फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे मुलांनाही तो चांगला परिचयाचा आहे. एखाद्या चौकस मुलाने वर्गात विचारले, ‘सर, हा टॅग काचेवरच का लावतात? दारावर किंवा बॉनेटवर का नाही?’ तर आपण काय उत्तर देऊ? ‘धातू रेडिओ लहरी अडवतो म्हणून,’ हे उत्तर लगेच ओठांवर येईल. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. कारण तोच मुलगा पुढच्या वेळी रेल्वे फाटकाशी उभा राहून मालगाडीकडे पाहील, तर त्याला वाघिणीच्या पोलादी अंगावरच बसवलेला टॅग दिसू शकेल. तो तर धावत्या गाडीतूनही वाचला जातो. मग धातू शत्रू की मित्र?

या प्रश्नाशी आमची गाठ पुस्तकात पडली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील सामानाची मोजदाद सोपी व्हावी म्हणून प्रत्येक वस्तूवर रेडिओ टॅग चिकटवायचे ठरले. लाकडी टेबले, खुर्च्या, पुस्तकांचे खोके यांचे टॅग चार-पाच मीटरवरून बिनचूक वाचले गेले. लोखंडी कपाटे, वायूच्या टाक्या, मोजमापाची उपकरणे मात्र एकदम ‘गायब’ झाली! रीडर टॅगला जवळजवळ टेकवला तरी उत्तर येईना. शेवटी एका सहकाऱ्याने टॅग सोलून काढला, जाड पुठ्ठ्याच्या तीन-चार थरांवर चिकटवला आणि तो पुठ्ठा कपाटावर ठेवला. कपाट ‘सापडले’! या पुठ्ठ्याने काय केले, हे समजून घ्यायचे तर आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, जर्मनीतील कार्ल्सरूह गावी जावे लागेल.

हर्ट्झची भिंत

१८८८ साली कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत हाइनरिख हर्ट्झ हा एकतीस वर्षांचा प्राध्यापक एक विलक्षण प्रयोग करत होता. मॅक्सवेलच्या सिद्धांतानुसार विद्युतचुंबकीय तरंग अवकाशातून प्रवास करतात. पण ते कोणी पाहिले नव्हते. हर्ट्झकडे तरंग निर्माण करणारे ठिणगीयंत्र होते आणि ते ओळखण्यासाठी तारेचे एक कडे होते. कड्याला एके ठिकाणी बारीकशी फट होती. कड्यावर तरंग आदळला की त्या फटीत अगदी इवलीशी ठिणगी पडे.

तरंग असतील तर त्यांची लांबी मोजता आली पाहिजे. पण प्रकाशाच्या वेगाने पळणाऱ्या तरंगाची लांबी मोजायची कशी? हर्ट्झने त्यासाठी तरंगाला जागच्या जागी ‘उभे’ केले. व्याख्यानगृहाच्या दगडी भिंतीवर त्याने ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा बसवला. पत्र्यावर आदळणारा तरंग आणि पत्र्यावरून परतणारा तरंग एकमेकांत मिसळून अप्रगामी तरंग तयार होतो. त्यात काही ठिकाणी क्षेत्र सदैव शून्य असते. त्यांना आपण निस्पंद बिंदू म्हणतो. काही ठिकाणी ते सर्वाधिक असते. ते प्रस्पंद बिंदू. कडे हातात धरून अंधारात मागेपुढे सरकत, कुठे ठिणगी मोठी होते आणि कुठे विझते हे हर्ट्झने नोंदवले आणि त्यावरून तरंगलांबी काढली. या प्रयोगासाठी त्याने खोलीतील गॅसच्या लोंबत्या नळ्या आणि झुंबरे काढून टाकली होती. खोलीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा होत्या. त्या रांगाही या तरंगांपुढे जणू भिंतीसारख्या वागतात, हे त्याच्या लक्षात आले होते.

या प्रयोगातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. पत्र्याच्या अगदी लगत विद्युत क्षेत्राचा निस्पंद बिंदू येतो; पण चुंबकीय क्षेत्र त्याच ठिकाणी सर्वाधिक असते. म्हणजे धातूच्या पृष्ठभागाशी तरंग ‘मरत’ नाही. त्याचा एक पाय तिथे लुळा पडतो, दुसरा मात्र दुप्पट बळकट होतो. पुढच्या शंभराहून अधिक वर्षांची कहाणी या एका वाक्यात सामावलेली आहे.

दोरीवरचा धडा

असे का व्हावे? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. पृष्ठभागाला समांतर असे विद्युत क्षेत्र आले की ते लगेच सरकतात आणि त्या क्षेत्राला नेमके रद्द करणारे क्षेत्र निर्माण करतात. म्हणून चांगल्या वाहकाच्या पृष्ठभागावर समांतर विद्युत क्षेत्र टिकू शकत नाही. परतणाऱ्या तरंगात विद्युत क्षेत्र उलटे झालेले असते.

वर्गात हे दोरीने दाखवता येते. लांब दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधावे, दुसरे हातात धरून एक झटका द्यावा. वर उंचावलेली लाट गजापर्यंत जाते आणि परत येताना खाली झुकलेली दिसते. गजाला बांधलेले टोक हलू शकत नाही, म्हणून लाट उलटी होते. आता हात लयीत हलवत राहिले तर दोरीवर अप्रगामी तरंग दिसतात आणि बांधलेल्या टोकाशी कायम निस्पंद बिंदू राहतो. विद्युत क्षेत्रासाठी धातूचा पृष्ठभाग म्हणजे दोरीचे हे बांधलेले टोक होय.

थोडा हिशोब करू. भारतात अशा टॅगसाठी ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला ८६६ मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर येते. पत्र्यापासून उ अंतरावर विद्युत क्षेत्र किती राहते याचे सूत्र सोपे आहे: मूळ क्षेत्राच्या २ × साइन (२π × उ ÷ तरंगलांबी) इतके. तरंग पत्र्यावर सरळ, लंब दिशेने येतो असे येथे धरले आहे. आता उ च्या वेगवेगळ्या किमती घालून पाहा. पत्र्यापासून १ मिलिमीटरवर क्षेत्र मूळ क्षेत्राच्या फक्त ३.६ टक्के उरते. १ सेंटिमीटरवर ते ३६ टक्के होते. आणि पाव तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे ८.७ सेंटिमीटरवर, ते मूळ क्षेत्राच्या चक्क दुप्पट होते! आमच्या सहकाऱ्याच्या पुठ्ठ्याने टॅगला जवळजवळ शून्य असलेल्या जागेतून थोडे वर उचलले होते, एवढेच.

पण कपाटावर ८ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा चिकटवून टॅग लावणे कोणाला परवडणार? तो पहिल्याच धक्क्याला निघून पडेल. धातूवर बसेल आणि तरी पातळ असेल असा अँटेना कसा करायचा, हा खरा प्रश्न.

परतणाऱ्या तरंगाची भाषा

हा प्रश्न उद्भवण्याआधी टॅगची कल्पना जन्माला यावी लागली. या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर तरंग सोडतो. टॅगचा अँटेना त्यातील थोडी ऊर्जा घेऊन आपली चिप जागी करतो आणि चिप अँटेनाची स्थिती बदलत राहते. त्यामुळे टॅगवरून परतणारा तरंग कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी होतो. या चढउतारात टॅगचा क्रमांक दडलेला असतो. हातात आरसा धरून दूरच्या मित्राच्या डोळ्यांवर कवडसा पाडावा, मध्येच आरसा झाकावा, तसाच हा खेळ.

या तत्त्वाचा एक नाट्यमय वापर हेरगिरीत झाला. १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी राजदूतांना सोव्हिएत शाळकरी मुलांकडून लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट मिळाले. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लावले गेले. त्यात लेव टेरेमिन या संशोधकाने रचलेले ऐकण्याचे यंत्र दडवलेले होते. त्याला बॅटरी नव्हती. बाहेरून रेडिओ तरंग सोडला की खोलीतील बोलण्याने थरथरणारा पातळ पडदा परतणाऱ्या तरंगात बदल घडवी. १९५२ मध्ये ते सापडले आणि १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत जगाला दाखवले.

दरम्यान, ऑक्टोबर १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्याविषयी एक निबंध लिहिला. आजच्या टॅगचे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. ट्रान्झिस्टरचा शोध जेमतेम एक वर्षापूर्वी लागला होता आणि एकत्रित मंडलांना अजून दहा वर्षे अवकाश होता. त्यामुळे कल्पना काळाच्या पुढे होती. योगायोग असा की त्याच सुमारास, १९४७ मध्ये हॅरॉल्ड व्हीलर आणि १९४८ मध्ये लॅन जेन चू यांनी लहान अँटेनांच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या. अँटेना तरंगलांबीच्या मानाने जितका लहान, तितका तो ज्या वारंवारतांवर नीट काम करू शकतो तो पट्टा अरुंद. टॅगची कल्पना आणि टॅगच्या वाटेतला काटा, दोन्ही जवळपास एकाच वेळी जगासमोर आले.

वाघिणींचा हिशोब

टॅगला खरी निकड मिळाली ती रेल्वेमुळे. मालगाडी आणि वाघिणींचा हिशोब ही जगभरच्या रेल्वेची डोकेदुखी. आपल्याकडेही प्रत्येक वाघिणीवर ११ अंकी क्रमांक रंगवलेला असतो आणि यार्डात माणसे कंदील किंवा बॅटरी घेऊन, पावसापाण्यात, रुळांवरून चालत ते क्रमांक उतरवून घेत. एक आकडा चुकला की मालाने भरलेली वाघीण कागदावर भलत्याच गावी असे. शिवाय गाड्यांच्या मधून चालत हे काम करणे धोक्याचेही असते.

उत्तर अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९६७ मध्ये यावर प्रकाशाचा उपाय स्वीकारला. ‘कारट्रॅक’ नावाच्या या पद्धतीत वाघिणीच्या बाजूला रंगीत, चकाकणाऱ्या पट्ट्या लावत आणि रुळाशेजारचे यंत्र त्या वाचत असे. आज दुकानातील वस्तूंवर दिसणाऱ्या बारकोडचा हा थोरला भाऊच. पण वाघीण म्हणजे काही साबणाची वडी नव्हे. कोळशाची भुकटी, चिखल, बर्फ, ऊन यांनी पट्ट्या मळल्या, फाटल्या, उडाल्या. पुष्कळशा पट्ट्या वाचेनाशा झाल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही योजना गुंडाळावी लागली. लाखो वाघिणींवर पट्ट्या लावण्याचा खर्च वाया गेला.

रेडिओ तरंगाला धूळ आणि चिखल दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत आल्फ्रेड कोएले, स्टीव्हन डेप आणि रॉबर्ट फ्रेमन यांनी १९७५ मध्ये परावर्तित तरंगाने ओळख पटवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेथील कामाचा एक हेतू गुरांची ओळख पटवणे आणि त्यांच्या अंगाचे तापमान दुरून कळणे हा होता! याच परिवारातून पुढे ‘अॅमटेक’सारख्या कंपन्या निघाल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर अमेरिकेतील दहा लाखांहून अधिक वाघिणींवर, प्रत्येकी दोन, असे रेडिओ टॅग बसले. गाईच्या अंगावरून टॅग पोलादावर आला आणि हर्ट्झचा जस्ताचा पत्रा पुन्हा समोर उभा राहिला.

अभियंत्यांनी येथे चतुराई दाखवली. हे टॅग ‘धातू असूनही’ चालतील असे न बनवता ‘धातू असेल तरच’ उत्तम चालतील असे बनवले. वाघिणीची पोलादी बाजू हाच अँटेनाचा एक भाग झाला. ही चतुराई त्यांनी आणली कुठून? विमाने आणि अग्निबाणांकडून.

विमानाच्या कातडीतील उत्तर

विमानाच्या अंगावर बाहेर आलेली काठी वेगात अडथळा करते. म्हणून विमानाच्या धातूच्या कातडीलाच फट पाडून तिला अँटेना करण्याची कल्पना पुढे आली. ब्रिटिश अभियंता अॅलन ब्लमलीन याने १९३८ मध्ये अशा फटीच्या अँटेनाचे पेटंट घेतले. १९४६ मध्ये हेन्री बुकर याने दाखवले की पत्र्यातील फट आणि त्याच आकाराची धातूची पट्टी ही एकमेकांची जणू साचा आणि मूर्ती आहेत. एकीत विद्युत क्षेत्र जी भूमिका करते ती दुसरीत चुंबकीय क्षेत्र करते. आधी आपण पाहिले की धातूशी चुंबकीय क्षेत्र बळकट असते. फटीचा अँटेना धातूत शोभतो तो यामुळेच.

दुसरे उत्तर पातळ ठिगळाचे. धातूच्या पाट्यावर विद्युतरोधक पदार्थाचा थर आणि त्यावर धातूचा छोटा चौकोन, असा हा ‘पॅच’ अँटेना. त्याची कल्पना जॉर्ज डेशां यांनी १९५३ मध्ये मांडली आणि १९७० च्या दशकात रॉबर्ट मन्सन, जॉन हॉवेल आदींनी ती व्यवहारात आणली. मन्सन यांच्या १९७४ च्या निबंधात अग्निबाणाच्या गोल अंगाला चिकटून बसणाऱ्या अँटेनांचा विचार आहे. पॅचमध्ये विद्युत क्षेत्र पाट्याला समांतर नसून वरच्या ठिगळापासून खालच्या पाट्यापर्यंत उभे असते. उभ्या क्षेत्राला धातूची मुळीच हरकत नसते! आणि ठिगळाच्या कडांवरून तरंग बाहेर पडतो.

ठिगळाची लांबी थरातील तरंगलांबीच्या साधारण निम्मी लागते. थराच्या पदार्थाचा विद्युत स्थिरांक ४.४ असेल (मंडलांसाठी नेहमी वापरतात तो काचतंतूंचा पाट), तर तरंगलांबी त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे २.१ ने, भागली जाते आणि ठिगळ सुमारे ८ सेंटिमीटरचे होते. स्थिरांक ३६ असलेली चिनी मातीसारखी भाजलेली वडी वापरली तर ते ३ सेंटिमीटरच्या आत येते. ठिगळाचे एक टोक खालच्या पाट्याला जोडले तर लांबी आणखी निम्मी होते. मात्र लहानपणाची किंमत व्हीलर आणि चू यांनी आधीच सांगून ठेवली होती: थर पातळ केला, आकार कमी केला, की पट्टा अरुंद होतो. रेल्वेच्या टॅगला जाडी थोडी चालते. किराणा मालाच्या टॅगला नाही.

डबाबंद मटारचा प्रश्न

१९९९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत केव्हिन अॅश्टन, डेव्हिड ब्रॉक आणि आपल्या कानपूर आयआयटीचे माजी विद्यार्थी संजय सरमा यांनी एक केंद्र सुरू केले. प्रत्येक वस्तूला पाच सेंटांचा टॅग, असे त्यांचे स्वप्न होते. २००३ मध्ये वॉलमार्ट या बलाढ्य दुकानसाखळीने आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना सांगितले की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर टॅग हवेत. टॅग आणि रीडर यांच्यातील संवादाचा सामाईक नियम २००४ च्या अखेरीस ठरला. कागदावर चिकटवलेली धातूची पातळ पट्टी आणि मधोमध वाळूच्या कणाएवढी चिप, असा स्वस्त टॅग कोट्यवधींच्या संख्येने छापला जाऊ लागला.

कापडाच्या आणि कागदाच्या खोक्यांवर तो चालला. पण मटारच्या डब्यांचे खोके आले आणि तीच आमच्या कपाटासारखी गत झाली. ढोबळ हिशोब पाहा. भारतात रीडरला परवानगी आहे त्याप्रमाणे अँटेनाच्या दिशेने ४ वॅट इतकी प्रभावी शक्ती सोडली, तर ५ मीटरवरच्या साध्या टॅगला सुमारे २०० मायक्रोवॅट मिळतात. आजच्या चांगल्या चिपला जागे व्हायला १० मायक्रोवॅटही पुरतात. त्यामुळे हवेत अडचण नाही. पण धातूपासून १ मिलिमीटरवर क्षेत्र ३.६ टक्के झाले आणि शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सुमारे पाव मायक्रोवॅटवर येते. चिप झोपलेलीच राहते. त्यात भर म्हणून धातूच्या शेजारामुळे अँटेनाचा संरोध बदलतो आणि त्याचे चिपशी जुळलेले सूर बिघडतात. हे सूर पुन्हा जुळवून काही भरपाई करता येते. पण मग अँटेनाच्या तारेतच बरीच ऊर्जा उष्णतेत जाते आणि पट्टा अगदी अरुंद होतो. थोडी जाडी बदलली किंवा टॅग वाकला की सूर गेले.

२००५ च्या सुमारास या अडचणीवर संशोधकांनी कंबर कसली. डॅनियल डॉब्किन आणि स्टीव्हन वाइगँड यांनी धातू आणि पाण्याजवळ टॅगचे काय होते याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी के. व्ही. एस. राव, पावेल निकितिन आणि सँडर लॅम यांनी टॅगचे अँटेना कसे रचावेत याचा सविस्तर आढावा लिहिला. फिनलंडमध्ये टाम्पेरे येथे लीना उक्कोनेन आणि सहकाऱ्यांनी पॅच टॅग वेगवेगळ्या आकाराच्या पत्र्यांवर लावून पत्र्याच्या आकाराचा परिणाम अभ्यासला. धातू अँटेनाचा भाग आहे असे एकदा मान्य केले की तो भाग केवढा आहे याने फरक पडणारच.

आज वापरात असलेले उपाय ओळीने पाहिले तर प्रत्येकामागे जुनी ओळख दिसते. फेसाळ प्लास्टिकचा थर घालणे किंवा टॅग ध्वजासारखा धातूपासून बाहेर काढणे, हा हर्ट्झच्या निस्पंद बिंदूपासून दूर जाण्याचा उपाय. धातूवर उभे राहणारे अर्धे कडे हा दुसरा. हर्ट्झच्या हातातील कड्याचाच हा धाकटा भाऊ. धातूशी बळकट असलेले चुंबकीय क्षेत्र त्यातून जाते आणि उरलेले अर्धे कडे धातूतील ‘प्रतिमा’ पूर्ण करते. पॅच आणि फट हे विमानाकडून आलेले. चौथा उपाय तुलनेने नवा आहे. १९९९ मध्ये डॅन सीव्हनपायपर आणि सहकाऱ्यांनी अळिंब्यांसारख्या धातूच्या छोट्या आकृत्या रांगेत मांडून असा पृष्ठभाग केला की एका ठराविक पट्ट्यात त्यावरून विद्युत क्षेत्र उलटे न होता परतते. दोरीचे बांधलेले टोक जणू मोकळे सोडले! त्यावर अँटेना अगदी जवळ ठेवता येतो, मात्र तो पृष्ठभाग बनवणे खर्चिक असते.

कार्ड आणि ग्रंथालयातील पुस्तकांचे टॅग मात्र १३.५६ मेगाहर्ट्झवर, ट्रान्सफॉर्मरसारखे चालतात. तेथे धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे मूळ क्षेत्राला विरोध करतात. त्यावर उपाय म्हणून टॅग आणि धातू यांच्यामध्ये फेराइटचा पातळ पडदा घालतात. चुंबकीय क्षेत्र धातूत न शिरता त्या पडद्यातून वळते.

शिक्षकांसाठी दोन शब्द

वर्गात हे अनुभवायचे असेल तर एफएम रेडिओ पुरे. जेमतेम लागणारे, खरखर असलेले केंद्र निवडावे. अँटेना लोखंडी कपाटाच्या दाराला समांतर आणि अगदी जवळ धरावा. प्रक्षेपण केंद्र कपाटाच्या दाराकडील बाजूला असेल असे पाहावे. खरखर वाढेल. मग हळूहळू दूर जावे. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, म्हणून सुमारे ७५ सेंटिमीटरवर आवाज स्वच्छ होण्याची अपेक्षा. प्रत्यक्षात हे अंतर थोडे मागेपुढे होईल, कारण कपाट तरंगलांबीच्या मानाने लहान आहे आणि भिंतींतील सळयाही परावर्तन करतात. ते का होते, याची चर्चा मुलांना करू द्यावी. हर्ट्झलाही खोलीतील झुंबरे काढावी लागली होती, हे त्यांना जरूर सांगावे.

भारतीय रेल्वेनेही गेल्या काही वर्षांत वाघिणींवर रेडिओ टॅग बसवायला सुरुवात केली आहे. रात्री यार्डात क्रमांक उतरवत हिंडण्याचे कष्ट आणि धोका त्यामुळे कमी होऊ शकतात. आमच्या प्रयोगशाळेतही नंतर कपाटांसाठी धातूवर चालणारे टॅग आणले. एका टॅगला साध्या कागदी टॅगच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले. हे पैसे नव्या ज्ञानाचे नव्हते. धातूपाशी काय घडते हे १८८८ मध्येच कळले होते. पैसे होते ते जाडीचे, पदार्थाचे आणि बारकाईने जुळवलेल्या सुरांचे. शोध लागला की वस्तू आपोआप हातात येते असे मुलांना वाटते. त्या दोहोंमध्ये केवढी वाट असते हे दाखवायला आम्हांला हे उदाहरण उपयोगी वाटते. आणि ‘सर, टॅग काचेवरच का?’ असे पुन्हा कोणी विचारले, तर सांगावे: कारण काचेवर साधा, स्वस्त टॅग चालतो. दारावरही टॅग लावता येईल, पण मग ते दारच अँटेनाचा भाग करावे लागेल.